चरित्तरराव

चरित्तरराव गेले त्याला बरेच दिवस झाले, पण बसस्टँडवरचा त्यांचा फ्लेक्स अजून कोणी काढला नाही. त्यावर लिहिलं आहे, ‘उदेबांच्या विचारांचा दिवा विझला’. आमच्या गावात लाईट रोज जाते, त्यामुळे विझण्याचं कोणाला विशेष वाटत नाही. शोकसभेत मात्र पुष्कळ लोक बोलले. बायांमधून कोणीतरी दोन शब्द बोला, असं सरपंच म्हणाले तेव्हा सगळ्याजणी माझ्याकडे पाहू लागल्या, कारण माझं घर त्यांच्या घराला भिंतीला भिंत लागून. मी पदर ओढून खांबामागे सरले. जे मला बोलायचं होतं ते शोकसभेत बोलण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहिते.

त्यांचं खरं नाव मनोहरराव. गल्लीच्या नात्याने ते मला सासरे लागत, म्हणून मी त्यांना मामाजी म्हणायची. म्हणजे त्यांच्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंड बंद. ज्याच्यासमोर तोंड उघडायचं नसतं, तो माणूस फार नीट दिसतो.

जवाहरनगरच्या फॅक्टरीत ते स्टोअरमध्ये कारकून होते. रिटायर होऊन गावी आले तेव्हा सोबत एक लोखंडी कपाट, एक माईकचा सेट आणि दोन शब्द घेऊन आले. ‘नोंद करा.’ काहीही सांगून झालं की ते नोंद करा म्हणत. आज ऊन फार आहे, नोंद करा. वांग्याची भाजी मला चालत नाही, नोंद करा. कोणी कधी नोंद केली नाही, पण त्यांना तशी गरजही नसायची. भाषाही ते तिकडेच बदलून आले होते. मले-तुले सोडून मला-तुला झालं होतं. त्यांची बायको पाहुण्यांना ‘तुमाले साखर पायजे का’ विचारायची, तेव्हा ते सगळ्यांसमोर तिला दुरुस्त करत. ‘तुम्हाला. तुम्हाला साखर हवी का.’ ती बिचारी ‘तुमाला-ले’ असं काहीतरी पुटपुटून आत जायची. शेवटी तिने साखरेचं विचारणंच सोडून दिलं आणि सगळ्या पाहुण्यांना फिका चहा मिळू लागला.

चरित्तरराव हे नाव गावाने ठेवलेलं. ते उदेबांचं चरित्र सांगत म्हणून. आमच्या बोलीत चरित्राला चरित्तर म्हणतात, आणि एखाद्याच्या भानगडींनाही चरित्तरच म्हणतात. गावाने दोन्ही अर्थ धरून नाव ठेवलं. त्यांना एकच ऐकू यायचा.

आता उदेबा कोण ते सांगते. उदेबा इंग्रजांच्या राज्यातला माणूस. माझ्या सासूच्या सासूने लहानपणी त्याला पाहिलं होतं. तिने सासूला सांगितलं, सासूने मला. शेतकरी घरातला होता, लग्न केलं नाही, भजनं म्हणत गावोगाव फिरायचा आणि लोकांना नको ते बोलायचा. देवळात जाऊन विचारायचा, ‘अर्ध्या गावाले प्याले पानी नाही आन देवाले रोज आंघोळ कायले?’ अंगारे देणाऱ्या बुवांना त्याने गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडलं होतं.

त्या वेळी गावचा तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा. वरच्या जातीचे लोक घाटावर पाणी भरायचे आणि बाकीच्यांना पारीखाली, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाखाली झिरपलेलं, गुरांनी तुडवलेलं पाणी. उदेबाने गावाबाहेरच्या पडीत जमिनीवर एक बोडी खोदायला घेतली. बोडी म्हणजे लहान तलाव. आमच्या भागात गावोगावी असतात. मातीची पार घालून पावसाचं पाणी अडवायचं आणि खालच्या धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना द्यायचं. उदेबाची अट एकच होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने एक टोपली माती पारीवर टाकायची, आणि टोपली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, जात न विचारता द्यायची. ज्याला विटाळ होत असेल त्याने घरी जायचं. मालगुजाराने तक्रार केली. साहेब घोड्यावरून आला, उदेबाला भंडाऱ्याच्या जेलात थोडे दिवस ठेवलं. सुटून आला आणि उरलेली पार पुरी केली. मग त्याच पारीवर सगळ्या जातींची एक पंगत बसवली आणि म्हणाला, ‘बोडीले हात लावल, तो माहा नोहे.’ ही सगळ्यांची. हिच्यावर जो आपला हक्क सांगेल, हिला जो फोडेल, तो माझा माणूस नाही.

एवढंच चरित्र. माझ्या सासूला ते सांगायला एक पान चघळून होईपर्यंत वेळ लागायचा. चरित्तररावांना अख्खी दुपार पुरत नसे.

ते उदेबाच्या धाकट्या भावाचे नातू. उदेबाला मूलबाळ नव्हतं, म्हणून सगळा वारसा आपल्याकडे आला असं ते सांगत. पुण्यतिथीला मंडप पडायचा, आम्ही बाया मागे वरण-भात रांधायचो, आणि पुढे माईकवर चरित्र चालायचं. दरवर्षी ऐकून ऐकून माझ्या लक्षात आलं की चरित्र वाढून राहिलं आहे. सुरुवातीला साहेब नुसता घोड्यावरून यायचा. मग त्याच्या हातात बंदूक आली. पुढच्या कुठल्या तरी वर्षी ती सुटली आणि गोळीचं फूल झालं. मग साहेबाची मड्डम आली. तिला मूल नव्हतं. उदेबाने तिला अंगारा दिला. ज्या माणसाने अंगारेवाल्यांना शिवेबाहेर सोडलं, त्याच्या अंगाऱ्याने मड्डमेला मुलगा झाला आणि मंडपात टाळ्या पडल्या. जेलही वाढत गेलं. थोड्या दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. माझी सासू वरणाला फोडणी देता देता म्हणाली, ‘असाच जेल वाढत गेला तं बोडी खोदाले कोन आला होता वं, त्याचं भूत?’

उदेबा कोणाला पाय धरू देत नसे. चरित्तररावांनी वर्गणी करून त्याच्या मंदिरात मूर्तीपुढे संगमरवरी पादुका बसवल्या. मूर्तीला पाय झाकणारं धोतर होतं, म्हणून पाय वेगळे आणावे लागले.

उदेबाच्या पंगतीची एक रीत होती. जो पहिल्या जागेवर बसेल, त्याने जेवणं झाल्यावर सगळ्यांच्या उष्ट्या पत्रावळी उचलायच्या. मोठेपणा पाहिजे ना, मग घ्या. चरित्तरराव नेहमी पहिल्या जागेवर बसत आणि नेमके जेवण झाल्यावर त्यांचे गुडघे दुखत. जेवताना दुखत नसत. मग त्यांची भावजय सगुणाआत्या उठायची आणि ओळीने पत्रावळी उचलत जायची. एका वर्षी भंडाऱ्याहून पेपरचा माणूस फोटो काढायला आला. त्या वर्षी गुडघे बरे होते. चरित्तररावांनी कमरेत वाकून दोन बोटांनी एक पत्रावळ उचलली. ऊन आडवं येतं म्हणून फोटोवाल्याने पुन्हा घ्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. फोटो झाला. पत्रावळ जिथली तिथे ठेवून ते हात धुवायला गेले. माझी सासू म्हणाली, ‘पत्रावळीचाई फोटो निंगाला आज.’

सगुणाआत्या म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. बांधा बारीक, आवाज त्याहून बारीक. भाऊ वारला तेव्हा वाटणीत तिच्याकडे बोडीखालच्या बांध्या आल्या होत्या. बोडीखालची जमीन म्हणजे घरात लक्ष्मी नांदते आहे असं समजायचं, कारण भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या धानाला दसऱ्याच्या सुमारास एक शेवटचं पाणी लागतं. पाऊस तर गेलेला असतो. धान निसवायला आलेला असतो, लोंब बाहेर पडू पाहते. त्या वेळी बोडीचं एक पाणी मिळालं तर दाणा भरतो. नाही मिळालं तर लोंब दिसायला लोंबच दिसते, हातात घेतली की पोचट. सगुणाआत्याला एकच मुलगी, ती एकोडीला दिलेली. त्या एका पाण्यावर या बाईचं वर्षभराचं खाणं होतं.

चरित्तररावांना रिटायर झाल्यावर शेतीचा नाद लागला. बोडीच्या पोटात बारा महिने साचलेला काळा गाळ त्यांच्या डोळ्यांत भरला. एका उन्हाळ्यात त्यांनी ट्रॅक्टर लावून पार एका जागी फोडली. पावसाळ्यात पाणी आलं तसं निघून गेलं, आणि त्यांनी बोडीच्या पोटात धान लावला. असा पिकला की रस्त्याने जाणारे थांबून पाहायचे. गावाने बोलायला हवं होतं. पण अर्ध्या गावाचे अर्ज त्यांनी लिहून दिलेले आणि उरलेल्या अर्ध्याला लिहून घ्यायचे होते. मासे धरणारा शामा तेवढा एकदा म्हणाला, आता आमी जाळं कोठं टाकाचं, तुमच्या धानात का? त्याला त्यांनी मत्स्यपालनाची योजना समजावून सांगितली.

सगुणाआत्या त्यांच्या दारी आली ते मी आमच्या अंगणातून ऐकलं. ती म्हणाली, ‘भाऊजी, माह्या धानाले पानी कोठून येईन?’

ते म्हणाले, ‘वहिनी, निसर्गावर विश्वास ठेवा.’

‘निसर्गावरच होता जी. पार तुमी फोडली.’

त्यावर त्यांनी पडीक जमीन उत्पादनात आणण्याबद्दल बरंच काही सांगितलं आणि शेवटी नोंद करायला सांगितलं.

पण त्यांच्या मार्गात एक गोष्ट आडवी येत होती, ती म्हणजे उदेबाचं वचन. ते गावातल्या शेंबड्या पोराला पाठ. मंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. पुण्यतिथीला आरती झाली की सगळा गाव एका सुरात म्हणायचा, ‘बोडीले हात लावल, तो माहा नोहे.’ पूर्वी लोक ते डोळे मिटून म्हणत. पार फुटल्यापासून डोळे उघडे ठेवून, चरित्तररावांकडे पाहत म्हणू लागले. उघड भांडायची हिंमत नव्हती, पण आरती म्हणायला कोणाच्या बापाची भीती? त्यांना घाम यायचा. कपाळ पुसत तेही म्हणायचे, जरा हळू.

अशातच एका पुण्यतिथीला नागपूरहून एक प्राध्यापक अध्यक्ष म्हणून आले. चांगले माणूस होते, फिका चहा हूं का चूं न करता प्यायले. त्यांनी भिंतीवरचं वचन वाचलं आणि माईकवरच विचारलं, ‘बोडी म्हणजे काय हो?’

मंडप भरलेला होता. आम्ही बाया परातींपाशी उभ्या होतो. सगुणाआत्या बायांमध्ये पुढे बसलेली. चरित्तररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. शंभर पावलांवर बोडी होती. हात करून दाखवली असती तरी चाललं असतं.

‘बोडी म्हणजे डोकं, सर,’ ते म्हणाले. ‘केशवपन केलेलं डोकं. बोडणे या क्रियापदावरून.’

प्राध्यापकांचा चेहरा उजळला. म्हणजे विधवांचं मुंडन, ते म्हणाले, आणि त्याविरुद्ध इतक्या आडगावातला, न शिकलेला माणूस त्या काळात उभा राहतो. त्यांचा आवाज भरून आला. पुढचं सगळं भाषण त्यांनी त्याच्यावरच केलं. पुरुष मंडळी खाली पाहून चटईच्या काड्या तोडत होती. माझी सासू माझ्या कानाला लागून म्हणाली, ‘आपल्यात कवा कोन्या बाईचं डोस्कं बोडलं वं?’

खरोखरच कधी नाही. आमच्यात नवरा मेला तर बाईचा पाट लागतो, ती दुसरं घर करते. कोष्ट्यांमध्ये नाही, ढिवरांमध्ये नाही, कोणातच ती रीत नव्हती. न्हावी वस्तरा घेऊन एखाद्या बाईसमोर उभा राहिला असता तर त्याचंच डोकं जाग्यावर राहिलं नसतं. जी रीत गावाने कधी पाहिली नाही, ती उदेबाने बंद केली असं त्या दिवशी ठरलं.

पुढच्या पुण्यतिथीच्या आत मंदिराची भिंत रंगवून घेतली. नवीन वचन शुद्ध भाषेत होतं. ‘विधवेच्या मस्तकास हात लावणारा माझा नव्हे.’ आरतीनंतर हेच म्हणायचं असं सांगितलं गेलं. लोकांच्या जिभेला ते वळेना. कोणी मस्तकास म्हणे, कोणी पुस्तकास. मग पुस्तकही निघालं. त्यात उदेबाने समाजाच्या मस्तकातलं अज्ञान खोदून काढलं असं लिहिलं होतं, आणि हातोहात दिलेल्या मातीच्या टोपल्या या अज्ञानाच्या टोपल्या होत्या. पाण्याचं नाव पुस्तकात कुठे आलं नाही. मी ते सगळं वाचलं. एकेका शब्दाशी थांबून वाचलं, मग खात्री झाली.

त्यांना बोडीचा अर्थ माहीत नव्हता असं कोणी म्हणेल. याच पारीवरून उड्या मारून ते पोहायला शिकले होते. म्हशीला विचारा डबकं म्हणजे काय, तर ती तरी खोटं बोलणार नाही.

पुस्तकाच्या प्रकाशनाला त्यांना मंचावर एक विधवा पाहिजे होती. आमदार येणार होते. उदेबांच्या घराण्यातलीच विधवा असली तर फारच चांगलं, म्हणून ते स्वतः सगुणाआत्याकडे गेले. साडी आणि नारळ देऊन सत्कार, आणि दोन शब्द बोलायचे. ती हो म्हणाली तेव्हा मला नवल वाटलं. नंतर विहिरीवर मला म्हणाली, ‘मोठे लोक येऊन राहिले बाई. त्याईच्यापुढं मी पान्याचं सांगतो.’ तिने काय बोलायचं ते ठरवलं होतं. बादली ओढता ओढता मला म्हणूनही दाखवलं.

सत्कार झाला. तिने नारळ छातीशी धरला. चरित्तररावांनी माईक तिच्या तोंडापाशी नेला. तिचा आवाज पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकू आला.

‘माहे केस कोनी कापत नव्हते जी,’ ती म्हणाली. ‘माही बोडी फोडली. धान मरून रायला. पानी द्या.’

आमदारांनी शेजारी पाहिलं. शेजारच्यांनी पलीकडे पाहिलं. चरित्तररावांनी माईक अलगद स्वतःकडे घेतला आणि क्षणभर डोळे मिटले.

‘वहिनींच्या भावना अनावर झाल्या आहेत,’ ते म्हणाले. ‘त्या सांगत आहेत की विधवेचं डोकं फोडण्यापर्यंत या समाजाची मजल गेली होती. अशा समाजाला उदेबांनी पाणी पाजलं. नोंद करा.’

टाळ्या कितीतरी वेळ चालल्या. आमदारही उभे राहून वाजवत होते. सगुणाआत्या नारळ धरून तशीच उभी. तिला वाटलं असावं की आपलं म्हणणं पोहोचलं, कारण ती थोडी हसली. खाली उतरल्यावर माझ्या सासूने तिला खरं काय झालं ते सांगितलं. त्या वर्षी तिच्या मळणीत दाण्यापेक्षा कोंडाच जास्त निघाला. नारळाची तिने चटणी केली. म्हणाली, एवढंच पीक हाती लागलं.

यानंतर ती कोणाच्या दारी गेली नाही. पुढच्या आषाढात रोवणा, म्हणजे धानाची लावणी सुरू झाली. दिवसभर चिखलात वाकून घरी परतताना तिने एक टोपली माती भरली आणि पार जिथे फोडली होती तिथे नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या-पहिल्यांदा बाया पाहून पुढे जात. मग शामाची बायको थांबली आणि तिने एक टाकली. मग आमच्या रोवणाऱ्या बायांचा मेळच तिकडून परतू लागला. कोणी कोणाला बोलावलं नाही, कोणी भाषण केलं नाही. एकीच्या हातून दुसरीच्या हातात टोपली जायची. माझ्याही हातून गेली. चरित्तरराव त्या दिवसांत नागपूरला पुस्तकाच्या सत्कारांना जाऊन येऊन होते. त्यांच्या धानाची सगळी देखरेख मजुरांवर. मजुरांच्या बायकाच टोपल्या टाकत होत्या, तर मजूर काय सांगणार?

गणपती उठल्यावर मोठा पाऊस झाला. सकाळी उठून पाहतो तर बोडी भरलेली. चरित्तररावांच्या हिरव्यागार धानाची नुसती शेंडी पाण्यावर दिसत होती.

ते धावतच आले. मागून दोन मजूर फावडी घेऊन. आम्ही पारीवर जमलोच होतो. नव्या मातीवर, बरोबर फोडलेल्या जागेवर, सगुणाआत्या मांडी घालून बसली होती. चरित्तररावांनी आधी माईकच्या आवाजात सुरुवात केली. वहिनी, हे बेकायदेशीर आहे. वहिनी, माझं आर्थिक नुकसान होत आहे. ती पाण्याकडे पाहत होती. त्यांनी मजुरांना खणा म्हटलं. मजूर म्हणाले, बाई बसली आहे जी, खणावं कसं? मग त्यांनी एकाच्या हातातलं फावडं घेतलं आणि स्वतः पाण्यात उतरले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. तिच्यापासून हातभर अंतरावर फावडं उगारून उभे राहिले.

ती म्हणाली, ‘लावा हात, भाऊजी.’

एवढंच म्हणाली. त्यांचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांची शुद्ध भाषा त्यांच्या तोंडातून निसटून कुठे गेली कोण जाणे.

‘उठ म्हनतो ना!’ ते ओरडले. ‘माह्या बोडीवरून उठ! कवाची सांगून रायलो तुले!’

पलीकडे पाण्यात शामा जाळं खांद्यावर टाकून उभा होता. तो अगदी अदबीने म्हणाला, ‘काकाजी, सगुणाबाई तं पारीवर बसली हाय. तुमाले डोस्क्यावर बसल्यावानी कायले वाटून रायलं?’

आधी कोण हसलं ते कळलं नाही. पण एकदा सुरू झालं ते थांबेना. मजूर हसले, बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. माझी सासू तर खाली बसली. चरित्तरराव फावडं धरून पाण्यात उभे होते. तोंड उघडत, मिटत. दुसरा शब्द शोधत असावेत. आमच्या बोलीत त्या पाण्याला दुसरा शब्द नाही. शेवटी त्यांनी फावडं मजुराकडे दिलं आणि ओलं धोतर दोन्ही हातांनी वर धरून घरी गेले. पार तशीच राहिली. दसऱ्याला सगुणाआत्याच्या धानाला पाणी मिळालं. बोडीच्या पोटातला धान कुजून गेला, त्याचा वास काही दिवस गावात येत होता.

मला वाटलं होतं आता हा माणूस काही दिवस तरी तोंड दाखवणार नाही. माझं माणसांबद्दलचं ज्ञान चौथीच्या पुढे गेलेलं नाही.

दिवाळी होऊन धान कापणीला आला होता. सगुणाआत्याच्या बांधीत आम्ही चार बाया कापत होतो. लोंब अशी भरलेली की मूठ धरली की हाताला वजन लागायचं. तेवढ्यात वरच्या अंगाला पारीवर प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, त्यांच्यामागून चरित्तरराव आणि नागपूरचे पाहुणे. पाण्याकडे तोंड करून बसले. वाऱ्याने सगळं खाली ऐकू येत होतं. उदेबांच्या प्रेरणेने आपण गावातल्या महिलांना कसं संघटित केलं, एकेक टोपली माती कशी टाकून घेतली, स्वतः गुडघाभर पाण्यात कसे उभे राहिलो, असं ते सांगत होते. ते शेवटचं तर खरंच होतं. पाहुण्यांमधल्या एकाने फोटो काढले. चरित्तररावांनी हात लांब करून पाणी दाखवलं. आत कमळाची पानं आली होती, एक बगळा उभा होता. मलाही ते पाहून बरं वाटलं.

पाहुण्यांमध्ये एक तरुण बाई होती. तिने मोबाईल पुढे केला होता, बोलणं त्यात घेत होती. तिने विचारलं, ‘काका, अशा छोट्या तलावाला तुमच्या इकडे काही खास शब्द आहे का?’

खाली आम्हा सगळ्यांचे इळे थांबले. सगुणाआत्या कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली आणि तिने वर पाहिलं. तिच्या मागे आम्हीही वर पाहिलं. चरित्तररावांनी आमच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग त्या मोबाईलकडे. त्यानंतर त्यांना मी जिवंत पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मुलाकडे गेले आणि तिकडेच वारले. म्हणून ते कसे दिसत होते ते मला नीट आठवतं. पांढरा झब्बा, उन्हात चमकणारा चष्मा, आणि चेहऱ्यावर अडचणीचा मागमूस नाही.

‘नाही नाही,’ ते म्हणाले. ‘आमच्याकडे तलावच म्हणतात.’

सगुणाआत्या वाकली आणि तिने पुढची मूठ धरली.